डॉक्टरीणबाई आठवडे म्हणाल्या होत्या

बायको अजून जिवंत कशी, अशी तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी. तक्रार अगदी याच शब्दांत केली नाही, तेवढी अक्कल होती. पण डॉक्टरीणबाईंना जे कळायचं ते कळलं, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती आठवली की आजही मी एकटाच खोलीत असलो तरी वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

आधी थोडं मागचं सांगतो. मी मूळ वर्ध्याचा, रेल्वेतला. बदली होऊन जयपूरला आलो, पुढं निवृत्तही इथंच झालो आणि सोडाला नावाच्या भागात फ्लॅट घेऊन राहिलो. नोकरी कंट्रोल ऑफिसात. म्हणजे गाडी चालवायची नाही, झेंडी दाखवायची नाही. एका खोलीत बसून, कानाला फोन लावून, कुठली गाडी कुठं आहे आणि कुणाला कुठं थांबवून कुणाला पुढं काढायचं, ते ठरवायचं. समोर मोठा चार्ट. आडवे तास, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. चौतीस वर्षं मी रेघा मारल्या. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कुठल्या तरी वेळेला पोचते, आणि ती वेळ आपल्याला आधी कळलीच पाहिजे, असा माझा समज झाला होता.

तर गेल्या वर्षी मे महिन्यात मोठ्या हॉस्पिटलनं हात वर केले. बायकोचा कॅन्सर यकृतापर्यंत पसरलाय, आता औषधानं फायदा कमी आणि त्रासच जास्त, असं म्हणून त्यांनी आम्हाला झालाना भागातल्या एका हॉस्पिसचा रस्ता दाखवला. हॉस्पिस म्हणजे, रोग बरा करायचा नाद सोडून माणसाला सांभाळतात ती जागा. दुखणं थांबवतात, झोप लागू देतात, आणि थोडं स्थिर झालं की घरी पाठवून तिथल्या सिस्टर घरी येऊन बघून जातात.

पहिल्याच दिवशी बायकोला आत खाटेवर टेकवलं आणि मी कॉरिडॉरमध्ये डॉक्टरीणबाईंना गाठलं. तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी कंट्रोलच्या आवाजात विचारलं, "किती वेळ?"

त्या म्हणाल्या, "अंकलजी, महिन्यांत नाही, आठवड्यांत धरा. पण हे सांगताना आम्ही पुष्कळदा चुकतो. आमच्याकडे लोक येतातच उशिरा, त्यामुळं काही जण चार दिवस राहतात. आणि काहींचं दुखणं थांबलं की ते वर्षभर आमच्याच सिस्टरला चहा पाजतात."

यातलं मी पहिलं वाक्य ऐकलं. पुढची तीन ऐकायला मी तिथं उभा होतो खरा, पण डोक्यात रेघ सुरू झाली होती.

मुलगी आदर्श नगरातून आली होती. तिचा जन्म इथलाच, मराठी अर्धी हिंदीतून येते. तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "पप्पा, मतलब मम्मीला सांगायचं नाही?"

"छे! सांगून काय तिला आधीच मारायचं?"

"पण तिनं विचारलं तर?"

"ते मी बघतो."

आणि बघितलं. आत जाऊन बायकोला सांगितलं, की हे ताकद भरून आणायचं केंद्र आहे, इथं वजन वाढलं की मग पुढच्या इलाजाचं बघू. ती माझ्याकडे बघत राहिली. मी आणखी भर घातली. सांगितलं, की इथले लोक दक्षिणेतून खास शिकून आलेत, त्यांच्याकडे भूक लागायची एक वेगळीच पद्धत आहे. थाप मारताना थांबायचं कुठं हे मला कधीच कळलेलं नाही. ती म्हणाली, "हाव का?" आणि डोळे मिटले.

घरी येऊन मी चार्ट केला.

आता हे कबूल करायला लाज वाटते, पण सांगायला बसलोय तर सांगतो. चांगला मोठा कागद घेतला, रंगीत पेन्सिली काढल्या. आडवे आठवडे, उभे नातेवाईक. तिला सगळे भेटले पाहिजेत, पण सगळे एकदम आले तर तिला संशय येणार. म्हणून प्रत्येकाची तिरकी रेघ वेगळी: हा अमुक दिवशी येईल, तीन दिवस थांबेल, तो निघाला की पुढचा. तिच्या अकोल्याच्या भावाचं आणि वर्ध्याच्या धाकट्या बहिणीचं कितीतरी वर्षांपासून बोलणं बंद. त्यांचं क्रॉसिंग होता कामा नये, म्हणून त्यांच्यात दोन दिवसांचं अंतर ठेवलं. सहा आठवडे भरले. सहाव्या आठवड्यानंतर कागद कोराच राहिला, आणि मला तेव्हा त्यात काही खटकलंही नाही. उलट चार्ट छान झाल्याचं समाधानच वाटलं. तो मी माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि वरून शर्ट टांगले.

मग प्रत्येकाला फोन करून यायचं कारणही मीच पुरवलं. मेहुण्याला सांगितलं, "तू म्हण, जयपूर बघायचं राहिलं होतं म्हणून आलो."

"मे महिन्यात?" मेहुणा म्हणाला.

"मग काय झालं?"

"भाऊजी, अकोल्याचा माणूस उन्हाळ्यात ऊन बघाले जयपूरले जाते का?"

पण आला. हॉस्पिसच्या खाटेपाशी उभा राहून, मी पढवल्याप्रमाणं, घाम पुसत म्हणाला, "आमेर किल्ला पाहायची लई इच्छा होती, ताई." माझी बायको म्हणाली, "मग गेला का किल्ल्यावर?" तो म्हणाला, "जाईन." तीन दिवस तो तिच्या पायाशी बसून होता. किल्ल्याचं नावसुद्धा पुन्हा काढलं नाही.

आणि चौतीस वर्षांच्या अनुभवाची अब्रू गेली ती इथं. मेहुण्यानं परतीचं तिकीट मला न विचारता पुढं ढकललं. धाकटी मेहुणी ठरल्या दिवशी सकाळी आमच्या घरी टॅक्सीतून उतरली, स्वयंपाकघरात गेली, तर तिथं भाऊ ताईसाठी मुगाची खिचडी करत उभा. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून जी रडली, की शेजारचे भैया बेल वाजवून विचारायला आले. तीच खिचडी घेऊन दोघं हातात हात घालून हॉस्पिसमध्ये गेली. माझ्या बायकोनं त्यांना तसं दारातून येताना पाहिलं. मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल.

पुढं झालं असं, की तिचं दुखणं थांबलं. योग्य औषध योग्य वेळेला मिळायला लागलं, आणि कितीतरी महिन्यांनी ती रात्रभर झोपली. मग भूक लागली. मग तिनं हॉस्पिसच्या डाळीला फोडणी नीट बसत नाही, अशी तक्रार केली. तिथल्या सिस्टर हसत मला म्हणाल्या, "अब आंटी को घर ले जाइए, हमारी रसोई बच जाएगी." त्या सिस्टर अलवरकडच्या होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या, आणि पुढं आठवड्यातून दोनदा सोडाल्याला त्याच यायच्या.

सहा आठवडे संपले. सात झाले. श्रावण आला. माझ्या चार्टावरची शेवटची गाडी केव्हाच पोचून परत गेली होती.

नातेवाइकांचे फोन यायचे. आवाजात आधी काळजी होती, मग नवल, मग थोडा हिरमोड. मेहुण्याची बायको एकदा म्हणाली, "बरं आहे म्हणता? मग आता आम्ही पुन्हा यायचं का... म्हणजे कसं करायचं?" बिचारीचं काय चुकलं? निरोप घेऊन झाला होता. ज्यांचा निरोप घेतला, त्यांनी पुढच्या महिन्यात फोनवर लोणच्याची कैरी कशी निवडायची हे सांगावं, याची कुणाच्याच मनाची तयारी नव्हती.

माझीही नव्हती. सगळ्यात आधी नव्हती ती माझीच. मी मे महिन्यात न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं होतं. मनातल्या मनात तिच्याशिवायचं घर लावून झालं होतं. आणि ती समोर बसून म्हणत होती, "पडदे धुवायले टाका, किती कळकट झाले." मला आनंद व्हायला हवा होता. होतही होता. पण त्याखाली कुणीतरी आपल्याला फसवलंय, असं काहीतरी बोचत राहायचं. माणूस किती हलका असतो हे कळायला जयपूरपर्यंत यायची गरज नव्हती, पण मला ते इथं कळलं.

त्या भरात मी एक दिवस औषधं आणायला गेलो असताना डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरलो. म्हणालो, "मॅडम, आपण आठवडे म्हणाला होतात."

"हो."

"साडेतीन महिने झाले."

"हो, छान आहे ना?"

"छानच आहे. पण आम्ही त्या हिशोबानं सगळ्यांना बोलावलं. लोक येऊन गेले. आता... म्हणजे आमचं नियोजन..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "अंकलजी, आपकी शिकायत क्या है?"

मी म्हणालो, "काही नाही, धन्यवाद द्यायला आलो होतो," आणि औषधाची पिशवी तिथंच विसरून बाहेर पडलो. ती न्यायला पुन्हा आत जावं लागलं. मूर्खपणा माझ्याकडून कधी एका फेरीत संपत नाही.

दिवाळीच्या आधी घरात साफसफाई निघाली. हिला दम लागायचा, त्यामुळं ती खुर्चीत बसून हुकूम सोडायची आणि कामवाली बाई व मी नाचायचो. मी दूध आणायला खाली गेलो. परत आलो तर कामवाली गेलेली, माझं कपाट उघडं, शर्ट पलंगावर, आणि ही खुर्ची ओढून त्या दारासमोर बसलेली.

रेल्वेवाल्याच्या बायकोला चार्ट वाचता येतो, हे मी विसरलो होतो. आमच्या लग्नानंतरची पहिली दहा वर्षं मी घरी येऊन जेवणाच्या ताटाशेजारी अशाच रेघा मारून माझी हुशारी दाखवली होती.

तिनं बोट ठेवून वाचलं. "हा माह्या भाऊ. ही माही बहीण. दोन दिवसांचा गॅप. बरोबर?"

"अगं, ते असंच—"

"अन् सहाव्या आठवड्याच्या पुढं लाइन काहून नाही?"

मी दुधाची पिशवी हातात घेऊन उभा. थेंब पडत होते.

"बोला ना. साऱ्यायले माह्या टाइम माहीत. अकोल्याले माहीत, वर्ध्याले माहीत. ज्याची गाडी, त्यालेच नाही माहीत?"

मी म्हणालो, "तुला त्रास होऊ नये म्हणून." जगातलं सगळ्यात पडेल वाक्य, पण त्या वेळी माझ्याकडे दुसरं नव्हतं.

तेव्हा तिनं सांगितलं. पहिल्याच दिवशी, मी कॉरिडॉरमध्ये होतो त्याच वेळी, तिनं अलवरच्या सिस्टरना विचारलं होतं, मी बरी होणार आहे का. सिस्टरनी तिचा हात धरून सांगितलं होतं, की बरं करायची ही जागा नाही, पण तुम्हाला दुखू देणार नाही. किती दिवस ते कुणालाच सांगता येणार नाही, असंही.

"म्हणजे तुला मे महिन्यापासून माहीत आहे?"

"हाव."

"आणि मी एवढ्या थापा मारत होतो, त्या तू ऐकून घेत होतीस?"

"ते भूक लागायची पद्धत ऐकून तं मले खरंच हसू आलं होतं," ती म्हणाली. "अन् हे दोघं भाऊ-बहीण हात धरून दारातून आले, तवा वाटलं, बाप्पा, हे बोलायले लागले म्हणजे मी नक्की मरून राहिली."

मी चिडलो. होय, चिडलो मीच. म्हणालो, "अगं मग मला सांगायचं होतंस! मी एकटा सगळं पोटात ठेवून फिरत होतो. पाच महिने तू मला नाटक करू दिलंस?"

तिनं चार्टवरचं बोट काढलं. मग प्रमाण मराठीत म्हणाली. ती फार दुखावली की वऱ्हाडी सोडायची. "मी वाट पाहत होते. तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल. रोज औषध देताना वाटायचं, आता सांगतील. एकोणचाळीस वर्षांत मी कधी तुमच्याकडे काही मागितलं नाही. एवढं एक वाटत होतं, की हे मला तुमच्याकडून कळावं."

चार्ट तिनंच काढला. फाडला वगैरे नाही, नीट घडी करून रद्दीत टाकला. संध्याकाळी चिवडा केला तर त्यात मीठ कमी पडलं, असं म्हणून मला ओरडली. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. त्यानंतरच्या पहिल्याच भेटीत तिनं सिस्टरना सांगून ठेवलं होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. शेवट जवळ आल्याच्या खुणा दिसल्या तर आधी मला सांगा, यांना नाही. यांना सांगायचं का, ते मी ठरवीन.

नोव्हेंबर लागला. जयपूरची थंडी अजून अंगावर शाल घ्यायला सांगत होती, हट्ट करत नव्हती. ती दुपारी बाल्कनीत उन्हात बसायची. झोप वाढली होती, जेवण दोन घासांवर आलं होतं, पण हवामान बदललंय, असं मी स्वतःला समजावलं. सिस्टर एका मंगळवारी येऊन गेल्या. तिची नाडी पाहिली, पायांवर हात फिरवला, दोघी दार लोटून बोलत बसल्या. मी बाहेर चहा करत होतो. बाहेर येऊन सिस्टर चहा न घेताच गेल्या. मला एवढंच वाटलं, की घाईत असतील.

बुधवारी माझं बँकेचं काम होतं. पेन्शनरला नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मोबाइलवरून होतं म्हणतात, पण माझा अंगठा यंत्राला पटत नाही. मी म्हणालो, "आज जाऊ की सोमवारी जाऊ?"

ती म्हणाली, "जा ना आजच. काहून लांबवता?"

"तुझ्याजवळ कोण?"

"पोरगी येते म्हणाली."

मुलगी खरंच आली, तेही ऑफिस सोडून. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. चौतीस वर्षं कुठली गाडी कुठं पोचली हे फोनवरच्या आवाजावरून ओळखणारा मी.

बँकेत साडेतीन तास गेले. आधी यंत्र बंद, मग साहेब जेवायला, मग अंगठा. रांगेत एक बिकानेरकडचे, रेल्वेतलेच निवृत्त गार्डसाहेब भेटले, त्यांच्याशी मी चांगला तासभर जुन्या गप्पा मारल्या. मजेत होतो. घरी आलो तेव्हा ऊन बाल्कनीतून उतरत होतं. ती उशीला टेकून बसली होती, मुलगी पायाशी.

ती म्हणाली, "झाले का जिवंत?"

मी म्हणालो, "हो. वर्षभरासाठी."

ती हसली. इतकी हसली, की खोकला आला आणि मुलीनं पाणी दिलं. मीही हसलो. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली.

शुक्रवारी दुपारी ती गेली. दुखलं नाही. सिस्टरनी दिलेला शब्द पाळला. मी शेजारी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो, आणि ती ऐकत नाहीये हे कळायलाही मला थोडा वेळ लागला.

तेराव्यानंतर मुलीनं मला सगळं सांगितलं. मंगळवारी सिस्टर म्हणाल्या होत्या, आता दोन-चार दिवस. त्याच दुपारी तिनं मुलीला फोन केला होता. "पप्पांना सांगू का, असं मी तीनदा विचारलं," मुलगी म्हणाली. "मम्मी म्हणाली, नको. कळलं तर ते फोन घेऊन बसतील, सगळ्यांना बोलावतील. मला त्यांच्याजवळ गर्दी नको."

मी मुलीशी दोन दिवस बोललो नाही. सिस्टर भेटायला आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. साठी उलटलेला माणूस दार लावून रुसला होता, हे लिहितानाही विचित्र वाटतं. पण रुसलो होतो. पुढं सिस्टरची माफी मागितली, मुलीशी बोललो. त्या दोघी माझ्या रागाच्या धनी नव्हत्याच.

ती बरोबर होती, हेही मला मान्य आहे. मला कळलं असतं, तर मी फोनच घेऊन बसलो असतो. पहिला फोन अकोल्याला, दुसरा वर्ध्याला, आणि मग कुणाला कुठल्या गाडीत बर्थ मिळतो ते बघायला लागलो असतो. तिच्याकडे पाठ करून.

पण तिला हे कसं माहीत, की मी या वेळी तरी वेगळा वागलो नसतो? दिवाळीला चार्ट काढल्यावर मी बदललो होतो. निदान मला तसं वाटत होतं. तिनं एकदा विचारून पाहायचं होतं. बुधवारी सकाळी, मी बूट घालत असताना, तिनं फक्त "नका जाऊ" म्हटलं असतं, तरी मी कारण न विचारता बसलो असतो. तिनं "जा ना आजच" म्हटलं.

ते साडेतीन तास माझे होते. तिच्या उरलेल्या वेळातले, पण माझे. ते तिनं मला न विचारता बँकेत घालवू दिले, आणि मी ते एका अनोळखी गार्डसाहेबाला देऊन आलो. मे महिन्यापासून मी तिच्याशी जे केलं, ते याहून मोठं होतं, हे मला समजतं. राग त्यानं कमी होत नाही. ती समोर असती तर आमचं यावरून चांगलं कडकडून भांडण झालं असतं, आणि ती जिंकली असती. मी हरायला तयार बसलोय, पण भांडायला ती नाही.